जुना सर्व्हर रीबूटला का अडकतो?

"चालतंय ना? मग हात लावू नका." जुन्या सर्व्हरबद्दलचा हा सल्ला तुम्ही कुठल्या ना कुठल्या ऑफिसात नक्की ऐकला असेल. तो देणारा माणूस काही वेडा नसतो. त्यानं कधीतरी रीबूटची आज्ञा दिलेली असते, स्क्रीन काळी झालेली असते आणि काळीच राहिलेली असते. पंखे फिरतायत, हिरवा दिवा लागलाय, पण यंत्र काही परत येत नाही. असा एक अनुभव पुरतो. त्यानंतर त्या खोलीत झाडू मारणाऱ्यालासुद्धा "तिकडे जाऊ नको" असं सांगितलं जातं.

माझ्या पीएचडीचा विषय याच्या अगदी शेजारचा आहे: बंद पडलेली किंवा मुद्दाम बंद केलेली संगणक प्रणाली परत कशी उभी राहते, आणि कधीकधी का राहत नाही. शोधनिबंधांत हे सूत्रांच्या भाषेत लिहिलेलं असतं. इथे ते साध्या मराठीत सांगते, आणि सोबत प्रत्यक्ष अडकलेल्या सर्व्हरपुढे उभं राहिल्यावर काय बघायचं तेही सांगते.

डोळ्यांपुढे मिहान ठेवून लिहितेय. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांच्या इमारती, एम्स, आयआयएम, बोइंगनं उभारून एअर इंडियाला दिलेलं विमान देखभाल केंद्र, हे सगळं नागपूर विमानतळाच्या दक्षिणेला एकाच पट्ट्यात आहे. मोठ्या संस्थांकडे माणसं असतात, कंत्राटं असतात, जोडीला दुसरं यंत्र असतं. पण अशा पट्ट्याच्या आधारानं छोटी ऑफिसं, गोदामं, वाहतूकदार, दवाखानेही वाढतात. त्यांच्याकडे बऱ्याचदा दहा वर्षं जुना, कुणीतरी वापरून विकलेला एकच सर्व्हर असतो. पगार, बिलं, रुग्णांचे रिपोर्ट, सगळं त्याच खोक्यात. तो उठला नाही तर सोमवारी सकाळी काय होईल, एवढाच प्रश्न आहे. लहान नाही तो.

अपटाइम म्हणजे झाकली मूठ

तीन वर्षं न थांबता चाललेला सर्व्हर बघून आपल्याला वाटतं, किती भक्कम यंत्र आहे! पण तीन वर्षांत काय काय झालं ते बघा. कुणीतरी नवी डिस्क जोडली, पण सुरुवातीच्या यादीत तिची नोंद केली नाही. कुणीतरी फायरवॉलचा नियम चालू यंत्रात घातला, पण जतन केला नाही. कर्नलचं अपडेट आलं, डिस्कवर जाऊन बसलं, पण एकदाही चालून बघितलं गेलं नाही. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली. बूट होताना लागणारा डिस्कचा कोपरा तीन वर्षांत एकदाही वाचला गेला नाही, आणि तिथलं एक सेक्टर खराब झालं.

यातली एकही गोष्ट चालू यंत्राला त्रास देत नाही. त्या सगळ्या दबा धरून बसतात आणि रीबूटच्या दिवशी एकदम समोर येतात. म्हणून रीबूटनं यंत्र बिघडवलं असं म्हणणं चूक आहे. ते आधीच बिघडलेलं होतं, रीबूटनं फक्त मूठ उघडली.

थोडं गणित करू. समजा असा एक लपलेला बदल सरासरी दोन महिन्यांतून एकदा होतो. दर तीन महिन्यांनी रीबूट केलंत तर तपासायला एक किंवा दोन संशयित. तीन वर्षांनी केलंत तर अठरा. शिवाय अठरा संशयित एकमेकांत मिसळलेले असतात, एक दोष दुसऱ्याला झाकतो, आणि ज्यानं ते केले त्यातला अर्धा स्टाफ नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो. म्हणजे "हात लावू नका" या सल्ल्यानं धोका कमी होत नाही, तो साठत जातो.

आमच्या विषयात उपलब्धतेचं एक साधं सूत्र आहे: दोन बिघाडांमधला सरासरी काळ भागिले, तो काळ अधिक दुरुस्तीचा काळ. एखादं यंत्र सरासरी १०,००० तासांनी बिघडतं आणि १ तासात परत उभं राहतं, तर उपलब्धता ९९.९९ टक्के. तेच यंत्र, तेवढेच बिघाड, पण उभं राहायला १० तास लागले तर ९९.९ टक्के. वर्षाच्या हिशोबात पाऊण-एक तासाऐवजी पावणेनऊ तास बंद. जुन्या हार्डवेअरचं बिघडणं तुमच्या हातात फारसं नसतं. दुरुस्तीचा वेळ मात्र बराचसा तुमच्या हातात असतो.

मुद्दाम बंद-चालू करणं हा उपाय कसा झाला

संगणक का थांबतात यावर जिम ग्रे यांचा १९८५ चा एक गाजलेला निबंध आहे. टँडम कंपनीच्या यंत्रांवरच्या एका सॉफ्टवेअरचे १३२ दोष त्यांनी तपासले. त्यातला एकच 'पक्का' होता, म्हणजे तीच कृती केली की तोच बिघाड. बाकीचे पुन्हा प्रयत्न केला की गायब होणारे. म्हणजे "बंद करून परत चालू करा" हा सल्ला चेष्टेचा विषय असला तरी त्यामागे तथ्य आहे. पुढे १९९५ मध्ये बेल लॅब्समधल्या संशोधकांनी 'सॉफ्टवेअरचं कायाकल्प' ही कल्पना मांडली: सॉफ्टवेअर चालता चालता म्हातारं होतं, मेमरी गळते, मोजणी भरत जाते, म्हणून ते पडायची वाट न बघता आपणच ठरवून परत सुरू करावं.

मोजणी भरणं म्हणजे काय, त्याचं ठळक उदाहरण विमानांतलं आहे. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकानं बोइंग ७८७ साठी आदेश काढला: विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर चारही जनरेटरांचे नियंत्रक एकाच वेळी सुरक्षित अवस्थेत जाऊन वीज जाऊ शकते, म्हणून ठरावीक काळानं वीज बंद करून चालू करा. २४८ च का? ३२ बिटांच्या, चिन्ह धरणाऱ्या आकड्यात सेकंदाचे शंभरावे भाग मोजत गेलं तर तो साधारण २४८ दिवसांनी भरतो. हिशोब तुम्हीही करू शकता: २ चा ३१ वा घात, भागिले १००, भागिले ८६,४००.

सर्व्हरच्या जगातही असेच आकडे आहेत. लिनक्सच्या काही जुन्या कर्नलमध्ये २०८ दिवसांच्या आसपास घड्याळाची मोजणी ओलांडून यंत्र कोसळायचं. २०१९ मध्ये एचपीईनं कळवलं की त्यांच्या काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की कायमच्या मरतात. फर्मवेअर आधी बदललं तरच वाचतात. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. आता विचार करा, एकाच दिवशी घेऊन एकाच रेडमध्ये बसवलेल्या आठ डिस्क एकाच वेळी मरणार. "एक गेली तर दुसरी आहे" हा रेडचा सगळा भरवसाच तिथे संपतो. एएमडीच्या एपिक ७००२ मालिकेतही साधारण १,०४४ दिवस रीसेट न केल्यास एखादा कोअर झोपेतून उठत नाही, असा दोष कंपनीनं नोंदवलाय.

तेव्हा रीबूट टाळणं आणि सुरक्षित राहणं एकच नव्हे, हे इथवर पटलं असेल. आता मूळ मुद्दा.

आधी ठरवा: अडकलंय कुठे?

"सर्व्हर रीबूटला हँग झाला" या वाक्यात चार वेगवेगळे आजार असतात. औषध वेगळं, डॉक्टर वेगळा. नागपूरहून मुंबईला निघालेली गाडी पोचली नाही, तर आधी विचारतो ना आपण, ती वर्ध्याला थांबली की भुसावळला? तसंच.

पहिलं स्टेशन: बंद होताना. ऑपरेटिंग सिस्टम एकेक सेवा थांबवते, डिस्क सोडते. इथे अडकलं तर स्क्रीनवर मजकूर दिसत असतो, बऱ्याचदा "अमुक काम थांबण्याची वाट बघतोय" असा. आजकालच्या लिनक्समध्ये एका सेवेला साधारण ९० सेकंद मिळतात, मग तिला जबरदस्तीनं मारलं जातं. पण काही प्रक्रिया मारूनही मरत नाहीत. त्या डिस्कच्या किंवा नेटवर्कच्या उत्तराची वाट बघत कर्नलच्या आत अडकलेल्या असतात. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे नेटवर्कवरून जोडलेली एनएफएस डिस्क. बंद होण्याच्या क्रमात नेटवर्क आधी गेलं आणि डिस्क सोडायची राहिली, की यंत्र उत्तर न देणाऱ्या माणसाला फोन लावत बसतं. उपाय: रीबूटच्या आधी अशा डिस्क हातानं सोडा, डेटाबेस हातानं थांबवा, आणि कुठली प्रक्रिया अडकलीय ते आधीच बघा.

दुसरं स्टेशन: हातोहात. सगळं नीट बंद झालं, शेवटची ओळ "सिस्टम रीस्टार्ट होत आहे" अशी आली, आणि मग शांतता. ही जुन्या हार्डवेअरची खास जागा. इथे कर्नल हार्डवेअरला म्हणतो, "मला रीसेट कर." पण हे सांगायचा एकच सर्वमान्य मार्ग कधीच नव्हता. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये प्रोसेसर रीसेट करायची तार चक्क कीबोर्डच्या नियंत्रक चिपला जोडलेली होती, आणि ती वाट आजही जिवंत आहे. त्यानंतर एसीपीआयचं रीसेट रजिस्टर आलं, पीसीआयचा मार्ग आला, ईएफआयचा आला. लिनक्स हे मार्ग ठरलेल्या क्रमानं करून बघतो: आधी एसीपीआय, मग कीबोर्ड, परत एसीपीआय, परत कीबोर्ड, मग ईएफआय किंवा बायोस. पण एखाद्या यंत्रात पहिलाच मार्ग अर्धवट चालला तर पुढच्याची पाळीच येत नाही आणि यंत्र लटकतं.

हा त्रास इतका जुना आहे की लिनक्सच्या मूळ कोडमध्ये "या मॉडेलला हा मार्ग वापरा" अशी यादीच आहे. डेल पॉवरएजचे ३००, १३०० आणि २४०० बायोसच्या मार्गानं, तर पॉवरएज सी६१०० पीसीआयच्या मार्गानं. तुमचं मॉडेल यादीत नसेल तर बूटच्या ओळीत 'रीबूट' हा पर्याय देऊन मार्ग तुम्हीच निवडू शकता: एसीपीआय, कीबोर्ड, पीसीआय, ईएफआय. एका वेळी एकच बदला, करून बघा, वहीत लिहा. दोष फर्मवेअरचा असल्यानं बायोसचं नवं अपडेट मिळालं तर तेही बघा.

तिसरं स्टेशन: फर्मवेअर. रीसेट झालं, पण यंत्र स्वतःच्या तपासणीत अडकलं. इथे सगळ्यात महत्त्वाचं औषध म्हणजे धीर. भरपूर मेमरी असलेल्या जुन्या सर्व्हरला ती तपासायला कित्येक मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ स्क्रीन काळी राहू शकते. किमान पंधरा मिनिटं थांबा. घड्याळ लावून थांबा, कारण घाबरलेल्या माणसाला चार मिनिटं अर्ध्या तासासारखी वाटतात.

तरीही हललं नाही तर संशयित असे. संपलेली सीआर२०३२ बॅटरी: यंत्राला वीज मिळत असेपर्यंत ती संपल्याचं कळतच नाही. ज्या दिवशी दोन्ही वायरी निघतात त्या दिवशी सेटिंगं पुसली जातात, तारीख मागे जाते, डिस्क नियंत्रकाची पद्धत बदलते आणि बूट करायची डिस्क सापडत नाही. नवी बॅटरी शंभर रुपयांच्या आत मिळते. दुसरा संशयित: "कीबोर्ड सापडला नाही, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा" असं विचारत बसलेला बायोस. चुकीवर न थांबण्याचं सेटिंग त्यात असतं, ते करून ठेवा. तिसरा: विसरून लावून ठेवलेला पेनड्राइव्ह, ज्यावरून यंत्र बूट व्हायला बघतंय. चौथा: रेड कार्ड. त्याची बॅटरी संपली तर ते सूचना दाखवून कळ दाबायची वाट बघतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. रेड कार्ड कधीकधी म्हणतं की "परकी रचना" सापडली आहे, ती घ्यायची की पुसायची? घाईत "पुसा" दाबू नका. ती परकी रचना म्हणजे बहुतेक वेळा तुमचाच डेटा असतो. आधी स्क्रीनचा फोटो काढा, डिस्कांचा क्रम लिहा, जाणकाराला विचारा, मगच पुढे जा.

चौथं स्टेशन: परत चढताना. कर्नल सुरू झाला, मजकूर धावायला लागला, आणि थांबला. यादीतली एखादी डिस्क आता अस्तित्वातच नाही, म्हणून यंत्र आपत्कालीन अवस्थेत गेलं. किंवा फाइल सिस्टमची तपासणी सुरू झाली, जी मोठ्या डिस्कवर काही तास चालू शकते. डिस्कचा दिवा लुकलुकतोय ना? मग काम चालू आहे. तिच्या मधेच वीज तोडणं म्हणजे ऑपरेशन चालू असताना पेशंटला टेबलावरून उठवणं. आणि ज्या डिस्कांशिवाय यंत्राचं चालू शकतं, त्यांच्या नोंदीत 'नोफेल' लिहून ठेवा, म्हणजे त्या नसल्या तरी बाकी यंत्र उठतं.

काळ्या स्क्रीनमागे बघायचं कसं

कुठल्या स्टेशनवर गाडी आहे ते कळायला डोळे हवेत. जवळपास प्रत्येक सर्व्हरमध्ये मुख्य यंत्रापासून वेगळी एक देखरेख चिप असते. डेलमध्ये तिला आयड्रॅक म्हणतात, एचपीत आयएलओ. मुख्य यंत्र मेलेलं असलं तरी ती जागी असते. तिच्यातून घटनांची नोंद वाचता येते, दुरून वीज बंद-चालू करता येते आणि सीरियल कन्सोलवर शेवटच्या ओळी दिसतात. जुना सर्व्हर विकत घेतलात तर पहिल्या दिवशी या चिपला नेटवर्कची वायर जोडा आणि तिचा पासवर्ड बदला. तिला इंटरनेटवर मात्र उघडं ठेवू नका.

नोंद वाचताना थोडा संशय ठेवा. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडलाय. तुमच्या सर्व्हरचा सेन्सरही दहा वर्षांचा आहे. एकाच आकड्यावर निकाल देऊ नका, दुसरा पुरावा शोधा.

पण नागपूरचं ऊन खरं आहे. २०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंश नोंदले गेलेत. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश असावी अशी शिफारस आहे. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर उष्णतेनं सुकत जातात. ढोबळ नियम असा की १० अंश वाढले की त्यांचं आयुष्य अर्धं. अशा सुकलेल्या कपॅसिटरची गंमत म्हणजे यंत्र गरम असेपर्यंत ते काम निभावतात, आणि यंत्र थंड होऊन परत सुरू करायच्या वेळी कमी पडतात. म्हणून उन्हाळाभर चाललेला सर्व्हर जुलैत अर्धा तास बंद ठेवून सुरू करायला गेलं की उठत नाही.

बटण कधी दाबायचं?

रात्रीचे दोन वाजलेत, स्क्रीन काळी आहे. तुम्ही काय कराल? क्रम असा ठेवा. आधी फोटो. मग पंधरा मिनिटं. मग डिस्कचा दिवा: लुकलुकत असेल तर हात मागे. पहिल्या स्टेशनवर असाल आणि कीबोर्ड चालत असेल तर लिनक्सची सिसआरक्यू कळ वापरून बघा, ती आधी सुरू करून ठेवलेली असावी लागते. एस दाबल्यावर मेमरीतलं लिखाण डिस्कवर उतरतं, यू दाबल्यावर डिस्क फक्त वाचण्यापुरत्या होतात, बी दाबल्यावर रीसेट. दुसऱ्या स्टेशनवर अडकलं असेल, म्हणजे शेवटची ओळ आलेली असेल, तर डिस्क आधीच सोडलेल्या असतात, बटण दाबायला फारशी भीती नाही. बटणानंही अडलं तर दोन्ही वायरी काढा, एक मिनिट थांबा, परत लावा. साध्या रीसेटनं देखरेख चिप आणि काही कार्डं स्वतःची जुनी अवस्था सोडत नाहीत. वायर काढल्यावरच सोडतात.

मग कधी करायचं रीबूट?

दर तीन महिन्यांनी, ठरवून, शनिवारी सकाळी. शुक्रवारी संध्याकाळी नको, आणि पगाराच्या आठवड्यात तर नकोच. आदल्या दिवशी बॅकअप घ्या, आणि त्यातली एक फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा, नाहीतर त्याला बॅकअप म्हणू नका. अपडेट करायच्या आधी एकदा कोरं रीबूट करा. त्यात अडकलं तर दोष जुना आहे हे कळतं, अपडेटवर उगाच आळ येत नाही. परत यायला किती मिनिटं लागली ते वहीत लिहा. पुढच्या वेळी नऊऐवजी एकोणीस मिनिटं लागली, तर यंत्र तुम्हाला काहीतरी सांगतंय.

आणि तीन वर्षं न थांबलेला सर्व्हर आज तुमच्या समोर असेल, तर त्याला आज रीबूट करू नका. आधी बॅकअप, मग डिस्कांची यादी आणि सेटिंगांचे फोटो, मग नवी सीआर२०३२ हाताशी, आणि फोन उचलेल असा एक जाणकार माणूस. एवढं जमलं की येता शनिवार.